पहिली खुर्ची

शेवटच्या पानावर तुस्कानोसर वाजवतच नाहीत, असा मला दाट संशय होता. आमच्या ऑर्केस्ट्रात चेलोवाल्यांची पहिली खुर्ची तीस वर्षं त्यांनीच अडवलेली. दुसरी माझी. महायुद्धात भाऊ गमावलेल्या एका इंग्रज संगीतकाराची रचना आम्ही बसवत होतो. तिच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त चेलो, श्वासाइतक्या हळू, एकच सूर धरतात. नेमका तिथे सरांचा गज तारेला न टेकता वरच्या वर फिरायचा.

चार तालमी मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग मुद्दाम म्हटलं, "सर, शेवटी तुमचा आवाज येत नाही."

"तुमचा सगळ्यांचा येतोय ना? मग झालं तर!" ते हसले.

त्या हसण्यानं माझी खात्रीच पटली. मी कंडक्टरसाहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून सर यायचे बंद झाले.

कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर मी. शेवटचं पान आलं, सभागृह चिडीचूप झालं. माझा गज हलला की सगळे सूर धरणार, म्हणून साऱ्यांचे डोळे माझ्या हातावर. आणि तो हातच कापायला लागला. तार जराही खरखरली असती तर सगळं मातीत गेलं असतं. मी गज केसभर उचलला आणि वरच्या वर फिरवला.

सूर उठला. एकदम, स्वच्छ.

माझ्या जुन्या खुर्चीतली मिथिला वाजवता वाजवता माझ्याकडे झुकली. ती कान देऊन ऐकत होती.