भिंगरीची खेळखोली

“मामा, हे तर दुकान झालं,” भिंगरी म्हणाली. “फक्त ‘हात लावू नये’ ही पाटी राहिली.”

मामाने आराखड्याचा कागद स्वतःकडे फिरवून पाहिला. छतापर्यंत चढलेलं जंगल, मधोमध हत्ती. दुकानांच्या काचेमागे देखावे उभे करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. रस्त्याने जाणारा माणूस थबकला की झालं, एवढंच त्याला ठाऊक. मुलांच्या वॉर्डातली रिकामी खोली खेळखोली म्हणून सजवायचं काम इस्पितळाने त्याच्याकडे दिलं, तेव्हा त्याने तेच केलं होतं.

भाची त्याच वॉर्डात होती. रक्ताचा आजार. आधी घरात ती एका जागी टिकायची नाही, म्हणून भिंगरी. आता हाताला सलाईन होतं आणि फिरत होती ती फक्त जीभ.

“मग काय करू? तूच सांग.”

“आधी झोपून बघ.”

मामा खोलीत गेला आणि फरशीवर उताणा झोपला. हत्तीचं पोट दिसलं असतं, बाकी काही नाही. त्याने जंगल रद्द केलं.

त्यानंतर तो रोज तिच्या पलंगाशी बसू लागला. भिंगरी सांगायची, शेजारच्या पलंगांवरची पोरं री ओढायची. उंबरठ्यात सलाईनच्या स्टँडची चाकं अडकतात, तो काढ. रंगाच्या वासाने उलटी होते, बिनवासाचा आण. आरसा नको. आमच्या आयांना आडवं व्हायला लांब सोफा हवा, पण आई झोपली तरी खेळताना ती दिसली पाहिजे. आणि एका कोपऱ्याला पडदा.

“पडदा कशाला?”

“रुसायला. सगळे सारखे बघत असले की नीट रुसता येत नाही.”

मामाने पडदा लिहून घेतला. सुई घेऊन कुणी आत यायचं नाही, डॉक्टरांनीही नाही, हेही ठरलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ते मुकाट्याने मान्य केलं.

खोली आकार घेऊ लागली. सुतार ठोकाठोकी करायचे आणि पोरं दारापाशी स्टँड धरून उभी राहायची. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला एक मुलगाही उठून आला आणि छतावर रंगवलेला ढग डुकरासारखा दिसतो म्हणाला. मामाने ढगाला शेपूट काढून दिलं. पोरगा इतका हसला की त्याची आई धावत आली.

मामाचा जीव कामात रमला होता. आणि त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

“भिंगरीला या खोलीत खेळायला मिळावं असं वाटत असेल, तर जरा भराभर हात चालवा.”

मामाने हातातला कुंचला खाली ठेवला. “किती वेळ आहे?”

“याच आठवड्यात झालं तर बरं. नक्की मी आत्ता काही सांगणार नाही. ताईंना कल्पना दिली आहे.” त्या घाईने पुढे गेल्या.

ताई, भिंगरीची आई, नळाशी पेला विसळत होती. पेला केव्हाच स्वच्छ झाला होता, पाणी वाहत होतं, आणि तिचे डोळेही.

“ताई, डॉक्टर काय म्हणाल्या?”

“काही विचारू नकोस रे. बोलायचा धीर होत नाही मला. आणि पोरीसमोर तर चकार शब्द काढू नकोस.”

त्याने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईने भिंगरीच्या पलंगाखालची मोठी पिशवी घरी पाठवली. मग उशी. मग चित्रांची पुस्तकं. “आता कशाला लागतंय एवढं,” असं ती पुटपुटली आणि मामाने मान फिरवली.

त्याने सुतारांना सुट्टी घेऊ दिली नाही. गाद्यांची शिवण उसवली तर स्वतः सुई-दोरा घेऊन बसला. भिंगरी पलंगावरून विचारायची, “झालं का?” आणि तो म्हणायचा, “झालंच की गं.” तेवढं बोलतानाही तो तिच्याकडे बघायचा नाही. पण हात थांबत नव्हते. निदान एकदा तरी ती त्या ढगांखाली लोळली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

खोली वेळेत झाली. उघडायच्या दिवशी सकाळी पोरं दारापाशी गोळा झाली, कुणी चालत, कुणी चाकाच्या खुर्चीत. ताईने भिंगरीला घरचा फ्रॉक घातला होता. तो खांद्यांवरून घसरत होता. हाताला आज नळी नव्हती. मामाने तिचं बोट धरलं आणि सगळ्यांच्या पुढे निघाला.

दारात सिस्टर उभ्या होत्या. वॉर्डातल्या सर्वांत जुन्या, कडक, पण मायेच्या. त्यांनी हात आडवा धरला.

“बाकीच्यांना येऊ द्या. हिला आत सोडता येणार नाही.”

भिंगरीचा चेहरा उतरला. मामाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“सिस्टर, हे सगळं तिनेच सुचवलंय.”

“माहीत आहे मला. पण बाहेरची मुलं आत घ्यायची नाहीत. आतल्यांना लागण होईल.”

“बाहेरची? ती या वॉर्डातली आहे.”

“होती,” सिस्टर म्हणाल्या.

मामाला राहवलं नाही. तो पुढे झाला आणि भिंगरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “पाया पडतो तुमच्या. पाच मिनिटं. तिच्याकडे आता वेळ तरी किती आहे?”

सिस्टरांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. मग त्यांनी त्याच्या मागे नजर टाकली. तिथे ताई तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

“तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का? शेवटचा रिपोर्ट आज सकाळी आला. पोरगी ठणठणीत बरी आहे. मघाशीच तिला घरी सोडलंय.”