हुंकारा

डोमा दोन वाक्यं बोलला आणि थांबला. मोबाईलच्या काचेत पंधरा-सोळा तोंडं त्याच्याकडे टक लावून बघत होती, पण एकाच्याही तोंडून आवाज म्हणून नाही.

"गोकुळा, हे बंद पडलं काय वं?"

"चालू हाये, मामाजी. सांगा तुमी." सून गोकुळा तलावाच्या पाळीवर भर दुपारच्या उन्हात, दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती. गावात रेंज यायची ती फक्त या पाळीवर, तीही मोहाच्या झाडापासून पुढची दहा पावलं.

"मंग कोनी बोलून काऊन नाई राह्यलं?"

"आबाजी, ते ऐकून राह्यले," फोनमधून आचल म्हणाली. आचल म्हणजे गोकुळाची पोर, डोमाची नात. सावली गावच्या कॉलेजातून नागपूरला गेली आणि तिथून आता एका सत्रासाठी पार जर्मनीला, साहित्य आणि समीक्षेचे सिद्धांत शिकायला. "इथी असेच ऐकतात. चुपचाप. मान ठेवून."

"मान ठेवून, का डोळे उघडे ठेवून झोपले?"

बिनहुंकाऱ्याची गोष्ट डोमानं बापजन्मी सांगितली नव्हती. जाळं विणत बसलेल्या ढिवरांना तो चाळीस वर्षं गोष्टी सांगत आला, पण दर वाक्यामागं समोरून 'हूं' यायलाच हवा. हूं आला की गोष्ट पुढं सरकायची. आणि नुसत्या त्या हूंवरून त्याला कळायचं, कोण पेंगतोय, कोण भ्यायलाय, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही. हे असं मुक्यांसमोर बोलणं त्याला जमेचना.

तिकडे आचलचा जीव टांगणीला लागला होता. सत्राचे अर्धे मार्क या एका तासावर होते. माझा आजा थेट तलावावरून गोष्ट सांगेल, मी ती इंग्रजीत सांगत जाईन, असं तिनं आपल्या बाईंना छातीठोक सांगून ठेवलं होतं. आणि आजा दोन वाक्यांतच अडून बसलेला!

"आबाजी, पाया पडते तुमच्या. सांगा ना."

"बाई, मी का मुद्दाम करून राह्यलो? पुढची गोष्ट येतच नाई तोंडात. त्यांले म्हना, हूं द्या."

आचलनं त्यांना सांगितलं. वर्गात कुजबुज झाली. मग शिकवणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई पुढं वाकल्या आणि जपून म्हणाल्या, "हूं?"

डोमा खदखदून हसला. "विचारू नका बाई, द्या!"

दुसऱ्यांदा बाईंना नीट जमला. मग एकेक करत सगळा वर्ग हूं-हूं करायला लागला, खुराड्यातल्या कबुतरांसारखा. डोमाला मोठी मौज वाटली. एवढी शिकलेली माणसं, आणि एवढंसं कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

"त्या बाईले पूस तं आचल, ह्या तुमाले शिकवतात तरी काय?"

बाईंनी विचार करून उत्तर दिलं आणि आचलनं सांगितलं, "गोष्टीत जे सांगितलंच नाई, ते कसं वाचाचं, ते शिकवतात."

"हात्तिच्या! तेही शिकवा लागते?"

आता गोष्ट धावायला लागली. वैनगंगेच्या डोहातल्या मगरानं ढिवराची पोरगी मागितली. हूं. लगीन लागलं, पोरगी पाण्याखाली बारा खोल्यांच्या घरात नांदायला गेली. हूं. वर्ष झालं. बापाला राहवेना, तो पोह्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन डोहात उतरला. हूं. आचल भराभर इंग्रजीत सांगत होती आणि मधूनच वहीत टिपून घेत होती. डोमाचे कान मात्र नेहमीसारखे मोजत होते. कोपऱ्यातली पोरगी भ्यायलीय. चष्मेवाला पोरगा घाईचा आहे, बोलणं संपायच्या आत हूं देतो. सगळ्यांचे आले. एक येत नव्हता.

"आचल, तुहा हूं कुठी हाये?"

"मी सांगून राह्यली ना त्यांले, आबाजी."

"त्यांले सांग ना, कोन नाई म्हनते? पन गोष्ट तं तूही ऐकून राह्यली. पेन ठेव खाली."

आचल हसली. पेन ठेवलं.

"बाप म्हने, कशी हायस बाई? पोरगी म्हने, मस्त हाये बाबा. मोठं घर हाये, काही कमी नाई."

"हूं," आचल म्हणाली.

उशिरा आला तो हूं, आणि मधेच तुटला.

डोमानं गोष्ट तिथंच सोडली. रोज फोनवर 'मस्त हाये, जेवली, काळजी नोका करू' म्हणायची पोर, आणि घरचे सारे खूश. तोही खूश. ती गेल्यापासून पाच महिन्यांत तिचा हूं मात्र त्यानं आज पहिल्यांदा ऐकला होता.

त्यानं गोकुळाच्या हातातला फोन ओढून घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"आचल, खरं सांग. जेवून नाई राह्यली ना वं तू? तिथी कोनी बोलते काय तुह्यासंगं?"

काचेतली सगळी तोंडं आचलकडे वळली. गोष्टीत पुढं काय झालं, ते त्यांना ऐकायचं होतं. आजाच्या त्या प्रश्नाचं इंग्रजी काही आचलनं केलं नाही.

म्हातारा थांबला म्हणजे आपली पाळी, एवढं त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना आता कळलं होतं. त्या पुढं वाकल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "हूं."