हिरवी पट्टी

लेकीला कळा सुरू झाल्या तशी अंजिरानं मनगटावरच्या सरकारी पट्टीवरून रुग्णवाहिका मागवली. नाडी धडधडत असेपर्यंतच मागणी खुली राहायची. ती शांत झाली की राज्याच्या अहवालात ‘नागरिक समाधानी’ अशी नोंद व्हायची.

शेजारच्या भागूमावशीनं अंजिराला छातीशी धरलं. “रडू नको बाय. ती बघ, आलीच गाडी.”

घाटाच्या वळणावर पांढरी गाडी दिसली आणि अंजिराचा जीव भांड्यात पडला.

पट्टी हिरवी झाली. गाडी तिथूनच माघारी वळली.

बंद झालेली मागणी उघडायला आधीपेक्षा जास्त धडधड लागायची.

“मावशी, मार मला! काहीतरी वंगाळ बोल!”

आत लेक किंचाळली. मावशीनं हात उगारला. पण तो सवयीनं अंजिराच्या पाठीवरूनच फिरू लागला.