कोपरी ते डोंबिवली

सिएटलच्या दादाने आईबाबांना अलास्काच्या क्रूझची तिकिटं काढून दिली. जहाज सुटणार होतं सीमेपलीकडून, कॅनडातल्या व्हँकुव्हरहून. दादाच्या घरून तिथपर्यंत कसं जायचं, ते मी बाबांना फोनवर समजावत होते. टॅक्सी लवकर पोचते, बस स्वस्त पडते, ट्रेन निवांत. बाबा प्रत्येक वेळी एकच विचारत होते, "त्यात बाथरूम असतं का गं?"

"ट्रेनमध्ये असतं, बाबा."

"मग ट्रेनच बरी."

माझं डोकंच फिरलं. "अमेरिकेला निघालात, पण कोपरीहून डोंबिवलीला माझं नवं घर बघायला दोन वर्षांत आला नाहीत!"

बाबा आवाज खाली आणून म्हणाले,



"वाटेत शिळफाट्याला गाडी अडकली की तासभर हलत नाही गं."