स्प्रिंगची पेटी आणि कानसेन

"उद्या येणार होतात ना?" कानसेनने विचारलं. चेहरा कसाबसा हसरा ठेवला.

"राहवलं नाही रे," उस्ताद म्हणाले. खांद्यावरची गिटार उतरवून ते समोरच्या स्टुलावर बसले. "शनिवारी कार्यक्रम आहे. तीन वर्षांनी. झाली का माझी पेटी दुरुस्त?"

कानसेनची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही. हलवून चालणारच नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्याचा डावा कान गेला, मागोमाग उजवा. आता दुकानाबाहेर दिवसभर ट्रक धावायचे आणि त्याच्या डोक्यात शुकशुकाट असायचा. आवाजातली बारीकशी खोट पकडतो म्हणून ज्याला सगळे वाजवणारे कानसेन म्हणत, त्याचेच कान जावेत! थट्टेलासुद्धा काही सीमा असते.

हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. गिऱ्हाईक आलं की ती शिवण घेऊन कोपऱ्यात, आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पशेजारी बसायची. आवाजात घुमघुम असली की हात कानाच्या पाळीला, खरखर असली की नाकाला. पाहणाऱ्याला वाटावं, बाईला डास फार चावतात. तिच्या त्या खुणांवर त्याने दीड वर्ष दुकान रेटलं होतं. बहिऱ्याच्या हाती आवाजाचं काम कोण देईल? एकदा बोभाटा झाला की दुकानाला टाळंच. आणि आज नेमकी ती आईचे डोळे दाखवायला दवाखान्यात गेली होती.

"झाली की," तो म्हणाला. "नवी स्प्रिंग मात्र टाकली नाही. जुनीच साफ केली."

पेटी साठ वर्षांची. बाहेरून साधं लाकडी खोकं, वर तीन बटणं. आत पत्र्याच्या तबकात दोन लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारचा आवाज एका टोकाने शिरायचा, स्प्रिंगांवरून थरथरत जायचा आणि दुसऱ्या टोकाने असा निघायचा, जणू विहिरीच्या तळाशी कुणी वाजवतंय. हल्ली हेच काम करणारी काडेपेटीएवढी यंत्रं मिळतात. उस्तादांना ती चालत नसत. "त्यात जीव नाही," म्हणायचे.

कानसेनने गिटारची वायर पेटीत खोचली. पेटी चालू केली, ॲम्प चालू केला. लाल दिवे लागले. पेटीचं मागचं फळकूट काढून तो वाकला. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस झाल्या.

"जोर किती ठेवू?" खाली मान घालूनच त्याने विचारलं.

वर पाहिलं तर उस्तादांचे ओठ मिटलेले, आणि ते एकटक त्याच्या तोंडाकडे पाहत होते. म्हणजे उत्तर देऊन झालं! आपलंच हुकलं. त्याने अंदाजाने बटण निम्म्यावर आणलं. तरी उस्तादांची नजर हटेना. असे काय बघताहेत हे? कुणी कान तर भरले नाहीत ना यांचे?

"वाजवा," तो म्हणाला.

उस्तादांनी पहिला सूर छेडला. कानसेनने पाठीमागून बोट घालून स्प्रिंगच्या टोकाला हलकेच टेकवलं. आली! बारीक थरथर आली, गेली, परत आली. त्याचा जीव थोडा शांत झाला. पण खरखर असली तर? घुमघुम असली तर? ते बोटाला कुठून कळणार! दर सुराला तो जाणत्यासारखी मान डोलवत राहिला. दुसरं करणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

उस्ताद बराच वेळ वाजवत होते. थांबले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"तोच आवाज," ते म्हणाले. "अगदी तोच! सगळे म्हणतात, म्हाताऱ्या, आता पुरे कर. मलाही धाकधूक होती. पण वाजवताना तुझा चेहरा पाहिला आणि जीव भांड्यात पडला. तुझ्यासारखा कानसेन मान डोलवतो, म्हणजे शनिवारी चिंता नाही."

कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा भला माणूस आपल्या खोट्या मानेवर विसंबून भर सभेत उभा राहणार. सांगून टाकावं. होईल ते होईल.

"उस्ताद, मला एक सांगायचंय," तो म्हणाला.

पण ते पाठमोरे होऊन गिटार गुंडाळत होते. वळले नाहीत. पुन्हा म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

तेव्हा कुठे त्याला दारात उभी असलेली बायको दिसली. उस्तादांनी तिला नमस्कार केला, पेटी काखोटीला मारली आणि पोरासारखे उड्या मारत पायऱ्या उतरून गेले.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड पांढरंफटक.

"अहो, पेटीतून ॲम्पकडे जाणारी वायर रोज मी लावते," ती सावकाश म्हणाली. "आज कोणी लावली?"

कानसेनने कोपऱ्यात पाहिलं. वायर ॲम्पशेजारी तशीच सुटी पडली होती. "पण स्प्रिंग हलत होती गं! मी बोटाने पाहिलं."

"पेटीतली स्प्रिंग हलेल हो. आवाज ॲम्पमधून येतो. मी आले तेव्हा ते वाजवतच होते. नुसत्या तारांची किणकिण, बाकी चिडीचूप."

"मग ते कसे म्हणाले, तोच आवाज? रडले गं ते!"

"मी दारातूनच, त्यांच्या पाठीमागून, तीनदा हाका मारल्या, अहो, थांबा म्हणून," ती म्हणाली. "त्यांनीही मान वळवली नाही."