झिजलेले गाइड
दारव्ह्याला इंजिनाची हेडं दुरुस्त करणाऱ्या खेमसिंगनं पोळ्यालाच, तांड्यावर भाड्यानं जीप चालवणाऱ्या भगवानरावांना बजावलं होतं, "तुमच्या जीपचे व्हॉल्व्ह ज्या नळ्यांत सरकतात, ते गाइड झिजले. ऑइल जळून राह्यलं. आत्ताच बदला, नाही तं रस्त्यात फसाल." "सीझन चालू हाय, दिवाळीनंतर पाहू," म्हणत भगवानरावांनी ते हसण्यावारी नेलं. दिवाळीच्या चार दिवस आधी तीच जीप खेमसिंगच्या बायकोला, बिजलीबाईला, बाळंतपणासाठी तांड्यावरून दवाखान्यात घेऊन निघाली आणि ऑइल संपून चढावर बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत उशीर झाला. बिजलीबाई वाचली, बाळ गेलं. दिवाळी झाल्यावर भगवानराव जीप ओढत दुकानात घेऊन आले. "झालं ते झालं, खेमसिंग. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही." खेमसिंगनं हेड उतरवलं आणि त्यांचा हात धरून व्हॉल्व्हवर ठेवला. "हालवून पाहा." व्हॉल्व्ह गाइडात खुळखुळला. "लयच ढिला हाय रे," भगवानराव म्हणाले. "पोळ्यालेही एवढाच होता." भगवानरावांनी हात मागे घेतला. एक गाइड तसाच सोडावा, असं खेमसिंगच्या मनात येऊन गेलं. पण तांड्यावर येणारी जीप ही एकच, आणि तांड्यात अजून दोघींचे दिवस भरत आले होते. त्यानं आठही गाइड ठोकून काढले, नवे बसवले, रीमरनं आतलं भोक घासून एकेक गाइड व्हॉल्व्हच्या मापात आणला. इंजिन बांधून झाल्यावर जीप सुरू झाली. धूर नावालाही नव्हता. "चाल, तुले तांड्यावर सोडतो," भगवानराव खुशीत म्हणाले. "तुमी जा," म्हणत खेमसिंगनं हात पुसले आणि आठ किलोमीटरची वाट पायीच धरली.