सतरावा

दवाखान्यातून बाई गेल्याचा फोन आला, त्याच दुपारी वनखात्याचं पत्र आलं. साहेब सोमवारी माळावर येणार होते. निळगळे सरडे पंधराच्या वर निघाले तर दगडाची खाण रद्द. नाहीतर माळ सुरुंगाला.

पत्र बाईच्याच नावाने होतं.

बाई शाळेत शिकवायची, नवरा शिंपी. चार वर्षं दोघं माळावर जात. काठीला दोऱ्याचा फास तो बांधायचा, सरडा मुठीत तोच धरायचा. ती पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका लावायची आणि वहीत आकडा लिहायची. ठिपकेवाला पुन्हा मोजायचा नाही. वहीत सोळा आकडे होते.

सोमवारी शिंप्यासोबत मेहुणीही आली.

"भावजी, साहेबांसमोर तोंड उघडा. घुम्यासारखे बसू नका."

"बरं."

दहा वाजले. दगड तापले. सरडा एकही नाही. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"सोळा म्हणता, आणि एक दिसत नाही?"

"येईल," शिंपी म्हणाला.

"लांब गेले असतील."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, साहेब," मेहुणी म्हणाली. "ताईचे सरडे जातात कुठे?"

साहेबांनी वही मिटली. जीपची किल्ली काढली.

तेवढ्यात गवतातून एक सरडा निघाला. सपाट दगडावर चढला आणि गळ्याखालचा निळा पंखा उघडून बसला.

शिंप्याने काठी पुढे केली. पहिला फास हुकला. सरडा हलला नाही. दुसरा मानेत बसला.

साहेब वाकले. "याच्या पाठीवर ठिपका नाही."

शिंप्याने फास सोडवून सरडा मुठीत घेतला.

"म्हणजे सतरावा!" मेहुणी ओरडली, आणि तिला रडूच फुटलं. "बघा ना, ताईच्या नजरेतूनही एक सुटला होता."

साहेब हसले. "पटलं. नवा सापडतोय म्हणजे अजूनही असतील." त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. खाण रद्द.

मेहुणीने पर्समधून बाईची नेलपॉलिशची बाटली काढली.

"नीट धरा, भावजी. आज मी लावते."

शिंप्याने मूठ आवळली. बोटाखाली मागचा डावा पाय आला. त्याला एक बोट कमी होतं. हाच पाय त्याच्या बोटाखाली येण्याची ही सतरावी वेळ. कात टाकली की ठिपका जातो, हे बाईला सांगायचं राहून गेलं.